डबीचे दोन खटके

१

वही चोरीला गेल्याचं कळलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. चोराला सोडायचं नाही, हे मी सहाव्या मिनिटाला ठरवलं. मधलं एक मिनिट मास्तरांचा चेहरा बघण्यात गेलं.

मास्तर आपल्या गाडीच्या डिकीत अर्धे शिरले होते. जॅक बाहेर काढला, स्टेपनीवरचं फडकं उचललं, छत्री झटकली. वहीची कापडी पिशवी जागेवर होती, पण रिकामी. ती त्यांनी उलटी करून पाहिली, दोनशे पानांची वही जणू शिवणीत लपून बसणार होती.

"सकाळी मीच ठेवली हो बाई, याच हातांनी," ते म्हणाले. आयुष्यभर वर्गात दरारा असलेला माणूस, पण आवाज पार गेला होता.

आमची गाडी म्हणजे एका कोरियन कंपनीची सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त गाडी. आम्ही तिला डबी म्हणतो. सात वर्षांपूर्वी पहिल्या लॉटमध्ये ती घेतलेल्या तीसेक मालकांचं आमचं मंडळ. पहिल्या वर्षी आम्ही तिचे गुण गायला जमायचो, दुसऱ्या वर्षापासून गाऱ्हाणी सांगायला. दर रविवारी टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत बैठक. बैठक संपली की गाडीचा जो अनुभव आला तो मास्तरांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, तारीख आणि किलोमीटरचा आकडा घालायचा, खाली सही करायची. एसीचा कुबट वास, दुसऱ्याच वर्षी गंजून बसणारं डिकीचं कुलूप, सगळं त्या वहीत होतं. वहीचा फोटो काढायला मात्र बंदी. एकदा एका पानाचा फोटो सर्व्हिस सेंटरच्या साहेबापर्यंत पोहोचला, आणि ते पान लिहिणाऱ्याची गाडी तिथे तीन आठवडे धूळ खात पडली.

मंडळाचा आणखी एक नियम होता, सगळ्यात जुना. बंद पडलेल्या डबीला केबल नाकारायची नाही. भांडण असो, अबोला असो, आधी आपल्या बॅटरीवरून त्याची गाडी सुरू करून द्यायची, मग हवं तर तोंड फिरवायचं.

माझ्या धाकट्या भावाची शेवटची नोंद त्या वहीत होती. मला ती पाठ आहे. 'एकतीस हजार चारशे सहा किलोमीटर. वळणावर स्टिअरिंग अडकतं. सर्व्हिसला दाखवलं. सवय होईल म्हणाले.'

नऊ दिवसांनी उतारावरच्या वळणावर त्याची डबी वळलीच नाही.

चालकाचा निष्काळजीपणा, असं कंपनीने लिहून दिलं. गाडी चालवताना बायकोलाही गप्प बसवणारा माझा भाऊ निष्काळजी! त्याच्या आधी आणि नंतर अकरा जणांनी वहीत स्टिअरिंगबद्दल हेच लिहिलं होतं. येत्या गुरुवारी ग्राहक मंचापुढे सुनावणी होती आणि मंचाला मूळ वही हवी होती. वही नाही तर भावाच्या नावावरचा तो शिक्का कायमचा.

मी बत्तीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्यांची पाहणी केली. चेपलेला पत्रा बघून माणूस कुठे खोटं बोलतोय ते सांगायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे मी रडत बसले नाही. खाली टायरवाल्याला गाठलं.

"फाटकातून कोण आलं?"

"कुणी नाही बाई. मी इथेच टायर बदलत होतो. तुमचेच लोक वरखाली करत होते."

आवार लहान, गाड्या एकीमागे एक लावाव्या लागतात. म्हणून बैठकीला आल्यावर प्रत्येकाने आपली किल्ली जिन्याशेजारच्या खिळ्यांच्या फळीवर टांगायची आमची पद्धत. कुणाची गाडी अडली तर कुणीही पुढची काढावी. म्हणजे मास्तरांची किल्ली तासभर सगळ्यांच्या हाताशी होती.

दहा ते अकराच्या दरम्यान तिघेच खाली गेले होते. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, फोन आला म्हणून. मोटार ड्रायव्हिंग शिकवणारी बाई, तिलाही फोन. आणि गाड्यांची वायरिंग करणारा वायरमन, बिडी ओढायला.

लोक पांगले. डॉक्टरांची गाडी तीनदा किल्ली फिरवूनही सुरू होईना, तेव्हा वायरमनने निमूटपणे केबल लावून दिली. डॉक्टर काच खाली करून मला म्हणाले, "ताई, धीर सोडू नका. मी आहे." त्यांच्यामागे डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावरच लुकलुकत होतं.

भाऊ गेला तेव्हा हे डॉक्टर तीन दिवस आमच्या घरी येऊन बसले होते. मी त्यांना मान हलवून निरोप दिला आणि वायरमनच्या पाठीकडे बघत राहिले. चोर मला सापडला होता.

२

वायरमनवर माझा राग जुना होता. तो पूर्वी त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होता आणि भावाच्या गाडीला शेवटचा हात त्याचा लागला होता. त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान टाकलं. मंडळात तो समोर आला की मी दुसरीकडे बघायचे.

सोमवारी सकाळी दुकानात गेले तेव्हा तो एका हेडलाइटची जळकी वायर सोलत बसला होता. स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

"वही कुठे आहे?"

"मला काय माहीत बाई?"

"साहेबाने कितीला विकत घेतलं तुला? जुना नोकर ना तू त्याचा!"

त्याने पक्कड खाली ठेवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"तुमच्या भावाची गाडी मी तपासली होती. जॉबकार्डावर लाल पेनाने लिहिलं होतं, गाडी सोडू नका. साहेबांनी ते कार्ड फाडलं आणि दुसरं बनवलं. वर मलाच म्हणाले, गिऱ्हाइकाला सांग, सवय होईल." त्याने सोललेली वायर बाजूला सारली. "मी जाऊन सांगितलं त्यांना. माझ्याच तोंडाने सांगितलं. गाडी वळली नाही हे कळलं त्या दिवशी नोकरी सोडली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी? आणि नोकरी सोडलेल्या माणसाच्या शब्दाला मंचात कोण विचारतो? कार्ड फाटलं. माझं म्हणणं खरं ठरवणारी एकच गोष्ट होती, त्या वहीतली तुमच्या भावाची ओळ. ती मी कशाला चोरू?"

मी तेव्हा स्टुलावर बसले. दोन वर्षं मी चुकीच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या परत कशा घ्यायच्या ते मला येत नाही, म्हणून मी त्याला म्हटलं, "पाणी दे जरा."

त्याने पाणी दिलं. पेला परत घेताना म्हणाला, "बाई, एक विचारू? मास्तर काल पेट्रोल भरून आले होते का?"

"का रे?"

"निघाले तेव्हा त्यांच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं होतं. मी हाक मारून सांगितलं. म्हणाले, म्हातारा झालो, विसरलो असेन."

३

ड्रायव्हिंगवाली बाई मला तिच्या गाडीतच भेटली. शेजारी एक घामाघूम गृहस्थ स्टिअरिंगला लटकले होते आणि ती त्यांना सांगत होती, "काका, गाडी आहे, रेडा नाही. शिंगं नका धरू." मला पाहून तिने त्यांना पाच मिनिटं मोकळं केलं.

"ताई, काल मी फोनवर बोलून लगेच वर आले. तुम्ही माझ्यावर संशय घेताय हे कळतंय मला. घ्या. तुमच्या जागी मी असते तर सगळ्यांना ओळीत उभं केलं असतं."

"मास्तरांच्या गाडीमागे तुझी गाडी होती ना? आलीस तेव्हा त्यांच्या टाकीचं झाकण उघडं होतं?"

"बंद होतं." तिने विचारही केला नाही. "गाडी लावण्याआधी पुढच्या गाडीच्या चारी बाजू बघायच्या, हे मी दिवसातून वीस वेळा लोकांना शिकवते. ती बाजू भिंतीकडे होती, म्हणून जरा वाकूनच पाहिलं, आरसा घासू नये म्हणून. बंद होतं ताई, पैज लावा."

म्हणजे झाकण बैठक चालू असताना उघडलं गेलं होतं. मास्तर तर खोलीतून हलले नव्हते.

मी माझ्या डबीत जाऊन बसले. भावाने आणि मी एकाच आठवड्यात दोन पांढऱ्या डब्या घेतल्या होत्या, घासाघीस त्यानेच केली होती. डबीत ड्रायव्हरच्या सीटखाली, जमिनीलगत दोन खटके आहेत, एकापुढे एक. पुढचा ओढला की पेट्रोलचं झाकण उघडतं, मागचा ओढला की डिकी. डिकीचं कुलूप गंजल्यामुळे आम्ही सगळे खटकाच वापरतो. दिसायला दोन्ही सारखे, त्यावरची चित्रं पहिल्याच वर्षी पुसली गेली. पण आम्हाला बघावं लागत नाही, हात आपोआप मागच्यावर जातो.

चोराने फळीवरून किल्ली घेतली, मास्तरांच्या गाडीत बसला आणि चुकीचा खटका ओढला. डिकी उघडली नाही, मग दुसरा ओढला. भिंतीकडचं झाकण त्याला दिसलंच नाही. इथपर्यंत सरळ होतं.

पण चुकीचा खटका ओढणारा माणूस डबी चालवणारा नव्हे. आणि खाली गेलेले तिघेही सात वर्षांचे डबीवाले!

४

मंगळवारी मी माझी बरी साडी नेसले आणि शोरूममध्ये गेले. जिथल्या माणसांनी माझ्या भावाला सवय होईल म्हणून सांगितलं, तिथल्या गार हवेत बसून मी सरबत प्यायले. राग गिळायला दोन ग्लास लागले.

"मॅडम, जुनी डबी विसरा!" सेल्समन म्हणाला. "ही नवी डबी. सगळं बदललंय. आणि किंमत बघाल तर तशीच, आपल्या माणसांना परवडणारी."

"स्टिअरिंग?"

"लोण्यासारखं!"

"बरं झालं," मी म्हटलं. "कुणीतरी शिकलं."

त्याला काही कळलं नाही. त्याने दार उघडलं, मी आत बसले. सवयीने हात खाली गेला, न बघता मागचा खटका ओढला. मागे कुठेतरी टक् झालं. डिकी जागची हलली नाही. पेट्रोलचं झाकण उघडलं होतं.

सेल्समन हसला. "सगळ्या जुन्या मालकांचं हेच होतं, मॅडम. नव्या मॉडेलमध्ये खटक्यांची अदलाबदल केलीय. आता पुढचा डिकीचा, मागचा पेट्रोलचा. दोन महिन्यांत हात बसतो, मग उलट जुन्या गाडीत चुकायला होतं."

मी त्याचे आभार मानले. अगदी मनापासून मानले, बिचाऱ्याला कमिशन मिळणार नव्हतं.

बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले आणि रविवारी डॉक्टरांच्या गाडीला लावलेली केबल आठवली. रोज वापरातल्या गाडीची बॅटरी बैठकीच्या तासाभरात इतकी बसत नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर लुकलुकतं ते बॅटरी पार मेल्यावर, नाहीतर काढून ठेवून परत जोडल्यावर. ती गाडी कित्येक आठवडे नुसती उभी होती आणि फक्त रविवारी आम्हाला दाखवायला बाहेर निघत होती. तिचा मालक रोज दुसरं काहीतरी चालवत होता.

तिथून मी दवाखान्यावर गेले. डॉक्टर कुणाचा तरी दात उपटत होते. मी त्यांना भेटलेच नाही. मागच्या अंगणात एक छोटी गाडी राखाडी कापडाखाली झाकून ठेवली होती. कापडाला मी हात लावला नाही. ते त्यांनीच उचलायला हवं होतं, सगळ्यांसमोर.

केसाने गळा कापला होता त्या माणसाने. तीन दिवस आमच्या घरी बसून, माझ्या भावजयीच्या हातचं पाणी पिऊन.

५

बुधवारी सकाळी मी तिघांना आणि मास्तरांना टायरवाल्याच्या आवारात बोलावलं. माझ्याकडे तीन बंद खोकी होती.

"वही गेली ती गेली," मी सांगितलं. "त्या अकरा जणांकडून मी पुन्हा लिहून घेतलंय. मूळ वहीची सर येणार नाही, पण काहीतरी आहे. एकाच गाडीत ठेवायची माझी हिंमत नाही. तिघांनी एकेक खोकं उद्या मंचात आणा. डिकी उघडा."

गाड्या मी मुद्दाम मोकळ्यावर लावून घेतल्या होत्या, टाकीची बाजू आमच्याकडे करून.

ड्रायव्हिंगवाली आत बसली, माझ्याशी बोलता बोलता तिचा हात खाली गेला, डिकी उघडली. वायरमन तर आत बसलाही नाही, दारातून वाकून त्याने खटका ओढला. डिकी उघडली.

डॉक्टर बसले. टक् झालं आणि पेट्रोलचं झाकण उघडलं.

"अरेच्चा," ते हसले. मग दुसरा खटका ओढला, डिकी उघडली. "ठेवा ताई."

मी खोकं उचललं नाही. "डॉक्टर, सात वर्षांत तुमचा खटका किती वेळा चुकला?"

"चूक काय, कुणाचीही होते."

"मास्तरांच्या गाडीत रविवारी हीच चूक झाली. तिघांतल्या कुणाकडून झाली ते आत्ता सगळ्यांनी पाहिलं. नव्या डबीला सरावलेला हात जुन्या डबीत असाच चुकतो. तुमची ही गाडी रोज चालते म्हणता, मग बॅटरी कशी मेली? घड्याळ अजूनही बारावर का? आणि दवाखान्यामागे कापडाखाली काय झाकलंय, ते मी बघितलेलं नाही. चला, सगळे मिळून बघू. तुम्हीच उचला कापड."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांकडे एकदा बघून झाल्यावर त्यांनी मास्तरांकडे बघितलं, आणि तिथेच त्यांचा धीर सुटला.

"मी काही मागायला गेलो नव्हतो, ताई. दोन महिन्यांपूर्वी साहेब म्हणाले, नवी गाडी चालवून बघा, आवडली तर बोलू. सात वर्षं त्या डबड्यात काढली हो मी! पेशंट हसायचे. मग गेल्या आठवड्यात म्हणाले, वही फक्त बघायला हवी. परत देणार होते."

"वही कुठे आहे?"

"साहेबांकडे. रविवारीच दिली. आता... नसेल."

मास्तर खाली टायरच्या थप्पीवर बसले. ड्रायव्हिंगवाली डॉक्टरांच्या अंगावर धावून गेली, वायरमनने तिला आवरलं. मला वाटलं होतं, चोर सापडला की मी त्याच्या थोबाडीत मारेन. ती इच्छा होती तशीच होती, पण त्याहून मोठी एक सुचली.

"तुमच्याकडे लेखी काय आहे?" मी विचारलं.

गाडी चाचणीसाठी दिल्याचं पत्र होतं, साहेबाच्या सहीचं. फोनवर रविवारी दुपारचा निरोप होता, 'वही मिळाली. गाडी आता तुमची.'

"छान," मी म्हटलं. "उद्या हे दोन्ही घेऊन तुम्ही मंचापुढे उभे राहायचं. नाहीतर मी इथून चौकीत जाते, आणि नंतर तुमच्या खुर्चीत तोंड उघडून पडणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगते की त्याच्या दाताला कुणाचा हात लागलाय."

"ताई, माझी अब्रू..."

"माझ्या भावाची गेली तेव्हा तुम्ही कुठल्या गाडीत होतात?"

खोकी मी माझ्या डिकीत टाकली. त्यांत जुनी वर्तमानपत्रं होती. तीन दिवसांत अकरा जणांना गाठणं मला जमण्यासारखं नव्हतं.

६

गुरुवारी मंचाच्या खोलीत साहेब पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. त्याचा वकील उठून म्हणाला, "तक्रारदार ज्या वहीबद्दल बोलतात ती आहे कुठे? की अशी वहीच नव्हती?"

आमच्या वकिलाने डॉक्टरांना बोलावलं. साहेबाने पाय आखडून घेतले.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. पत्र दिलं, फोन दाखवला. वही समोर असती तर साहेबाच्या वकिलाने तिच्या पानापानावर शंका काढली असती, सह्या खोट्या म्हटलं असतं. पण खोट्या वहीसाठी कुणी नवी गाडी देत नाही. हे मंचाच्या अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं.

"तुम्ही ती वही वाचली होती?" त्यांनी विचारलं.

"देण्याआधी... हो."

"मयताची शेवटची नोंद काय होती?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"एकतीस हजार चारशे सहा किलोमीटर," ते म्हणाले. "वळणावर स्टिअरिंग अडकतं. सर्व्हिसला दाखवलं. सवय होईल म्हणाले."

शेजारी माझ्या भावजयीने माझा हात धरला. "वन्सं, तेच शब्द," ती पुटपुटली. मागून वायरमन उठून उभा राहिला. लाल पेनाबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण अध्यक्षबाईंनी आता विचारलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत साहेबाचा वकील आपल्या कागदांत काहीतरी शोधत होता.

दुपारपर्यंत भावाच्या कागदावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडला गेला होता. साहेबावर पुरावा नष्ट केल्याची फिर्याद नोंदवायचा हुकूम झाला. त्याने माझ्यासमोरून जाताना मान खाली घातली. ती वर होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

बाहेर गाड्यांच्या तळावर डॉक्टर मला आडवे आले. नवी गाडी शोरूमवाल्यांनी सकाळीच काढून नेली होती, त्यामुळे ते जुन्या डबीतून आले होते.

"ताई, मी खरं बोललो. आता तरी..."

"नाही," मी म्हटलं.

ते गाडीत बसले. किल्ली फिरवली. घर्रर्र झालं आणि थांबलं. पुन्हा फिरवली, तेवढंही झालं नाही. उन्हात काच खाली करून त्यांनी आमच्याकडे बघितलं. मास्तर होते, ड्रायव्हिंगवाली होती, मंडळाचे वीसेक लोक होते. वायरमनच्या खांद्यावर केबल होती, नेहमीप्रमाणे. त्याचा पाय सवयीने एक पाऊल पुढे गेला. मग तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नको.

त्याने केबल गुंडाळून आपल्या डिकीत टाकली. आम्ही एकेक करून गाड्या सुरू केल्या आणि त्यांच्या शेजारून निघालो.